नऊ संगणक, सहा लॉक : वागळे इस्टेटमधल्या छापखान्याच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतो आहे. यंदा दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला, म्हणजे तो आठवडा आमच्याकडे पाणी प्यायलाही फुरसत नसण्याचा. दिवाळी अंक बांधून बाहेर पडायचे असतात, मिठाईच्या खोक्यांच्या ऑर्डरी असतात. तेव्हा साहेबांशी बोलून ठरलं : संगणकांचं काम आत्ताच हाती घ्यायचं आणि घटस्थापनेच्या आसपास आटपायचं.

संगणक बदलण्यात फारसं काही नाही. नवं यंत्र आणायचं, विंडोज ११ टाकायचं, फायली हलवायच्या. जीव खातं ते लायसन्स हलवणं. आमच्याकडे नऊ संगणक आहेत. वरच्या मजल्यावर डीटीपीचे, म्हणजे मजकूर टाइप करून पानं लावायचे चार, त्यांच्या शेजारी जुना विंडोज एक्सपीचा एक, खोक्यांच्या डिझाइनचा एक; खाली प्लेटच्या खोलीत रिपचा, म्हणजे प्लेटसाठी पानाचे ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक; ऑफिसात दोन. कुठलं सॉफ्टवेअर मदरबोर्डला बांधलेलं आहे, कुठलं माणसाच्या लॉगिनला, कुठलं इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट केलेलं, आणि कुठलं पोर्टला लावलेल्या लॉकला, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशा छोट्या ठोकळ्याला, हे एका जागी कुठेच लिहिलेलं नाही. काही डीटीपीच्या काकांना माहीत आहे, काही अकाउंटच्या मामांना, काही कुणालाच नाही.

दुपारी बिलांच्या फायली काढल्या. विंडोजची तपासणी सोपी होती. एक्सपीचं सोडून प्रत्येक यंत्रावर कमांड विंडो उघडून एसएलएमजीआर डीएलआय ही आज्ञा दिली की लायसन्स ओईएम, म्हणजे यंत्रासोबत आलेलं आहे, की रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, ते कळतं. सहा यंत्रांवर ओईएम निघालं. ते त्या मदरबोर्डासोबतच संपतं, नव्या यंत्रावर नेता येत नाही. दोन रिटेल आहेत, ती जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर लावता येतील. नवी यंत्रं घेताना हा हिशेब साहेबांच्या कामाचा आहे.

एक गोष्ट खटकली. मराठी पॅकेजच्या, म्हणजे मराठी फाँट आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या, तीन लायसन्सांपैकी दोन साहेबांच्या वडिलांच्या वेळच्या भागीदारी फर्मच्या नावावर आहेत. आता प्रायव्हेट लिमिटेड आहे. लॉक आपल्या ड्रॉवरमध्ये आहे म्हणून कुणी आजवर विचारलं नाही. पण बदली लॉक मागायची किंवा नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली की विक्रेता पहिल्यांदा नावच विचारणार. फर्म बदलल्याचे कागद मामांकडून मागवले.

९ जुलै, बुधवार

सहाही लॉक एका टेबलावर मांडली, फोटो काढले, प्रत्येकाला नंबर चिकटवला. अंगावर छापलेले आकडे वाचायला भिंग लागलं.

एक नंबरचं लॉक सर्वांत जुनं. राखाडी, दोन्ही बाजूंना स्क्रू, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लागणारं. एका तोंडाला संगणक आणि दुसऱ्या तोंडाला प्रिंटरची केबल. सॉफ्टवेअरचा प्रश्न लॉक उचलतं, छपाईचा डेटा तसाच पुढे सोडतं. हे एक्सपीच्या यंत्रावर, जुन्या मराठी पॅकेजसाठी. दोन, तीन, चार ही त्याच घरची यूएसबी लॉकं, डीटीपीची. पाच नंबर खोक्यांच्या डिझाइनचं, सहा नंबर रिपचं. ऑफिसात मामांच्या संगणकाला लटकलेलं होतं ते या यादीत येत नाही. ते जीएसटी आणि टेंडरच्या डिजिटल सहीचं टोकन. दिसायला तसंच, पण त्यात साहेबांची सही आहे. ते लॉकांच्या डब्यात जाता कामा नये, म्हणून त्याला लाल टेप लावली.

काकांनी विचारलं, "ताई, या एवढ्याशा ठोकळ्यात आहे तरी काय? सॉफ्टवेअर तर सगळं हार्ड डिस्कवर आहे."

सॉफ्टवेअर डिस्कवरच आहे, पण बनवणाऱ्याने त्याला कवच घातलेलं असतं. चालू होताना आणि चालू असतानाही ते लॉकला एक आकडा पाठवतं. लॉकमधल्या चिपात एक गुप्त किल्ली असते. चिप त्या किल्लीने आकड्याचं रूप बदलून उत्तर परत देते. उत्तर जुळलं तर काम पुढे. किल्ली चिपाच्या बाहेर कधीच येत नाही, त्यामुळे डिस्कची हुबेहूब नक्कल केली तरी लॉकाशिवाय ती निरुपयोगी. अगदी जुन्या लॉकांत ही अक्कल नव्हती. ती ठरावीक प्रश्नाला ठरावीक उत्तर द्यायची. कुणी ते संभाषण नोंदवून ठेवलं की खोटं लॉक तयार. आजच्या लॉकांत एईएससारखी गुप्तलेखनाची पद्धत असते आणि प्रश्न दरवेळी वेगळा असतो.

मग प्रत्यक्ष करून बघितलं. डीटीपीच्या एका यंत्रावर फाइलची प्रत उघडली, काकांनी टायपिंग सुरू केलं आणि मी लॉक काढलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. काका म्हणाले, चालतंय की! तेवढ्यात अक्षरं उमटायची थांबली, लॉक सापडत नसल्याची चौकट आली आणि मागची खिडकी करडी पडली. सेव्ह होईना. लॉक परत लावून पुन्हा प्रयत्न करा हे बटण दाबलं तेव्हा थांबलेली अक्षरं एकदम उमटली. म्हणजे हे सॉफ्टवेअर मध्ये मध्ये विचारत राहतं. खोक्यांचं सॉफ्टवेअरही तसंच. रिप मात्र चालू होताना आणि प्रत्येक जॉब घेताना विचारतं. हे माहीत असणं महत्त्वाचं : भर कामात यूएसबी हबची वायर ढिली झाली तर कुठल्या टेबलावर काय अडकेल ते यावरून कळतं. सगळी लॉकं हबवरून काढून थेट मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टांना लावली.

१४ जुलै, सोमवार

खोक्यांचं डिझाइन. औषधांच्या कार्टनचं काम वाढलं तसं एका टेबलावर भागेनासं झालं. दुसरा मुलगा ठेवला, सॉफ्टवेअर त्याच्यासाठी डीटीपीच्या एका संगणकावरही टाकलं. टाकायला कुणाची ना नाही, ते कितीही यंत्रांवर टाकता येतं. पण लॉक एक, म्हणून एका वेळी एकच जण. सध्या दोघं लॉक हातोहात देतात. एक चहाला गेला की दुसरा काढून घेतो. यूएसबीचं धातूचं तोंड हलायला लागलंय, मी बोटाने दाबून बघितलं तर आतली पट्टीही तिरकी झालेली. या लॉकामागे खोक्याचं अख्खं खातं उभं आहे.

हा मुलगा डोंबिवलीहून येतो. पावसात गाड्या बंद पडल्या की घरून रिमोट डेस्कटॉपने काम करता येईल का, असं त्याने विचारलं. करून बघितलं, सॉफ्टवेअरने नकार दिला. एकट्याचं लॉक रिमोट सेशनमध्ये चालू नये अशी ही मुद्दाम केलेली सोय आहे, नाहीतर एका लॉकावर दहा जण घरबसल्या काम करतील. एकापेक्षा जास्त संगणकांसाठी नेटवर्कचं लॉक वेगळं मिळतं. ते एका यंत्राला लावायचं, बाकीची यंत्रं लॅनवरून, म्हणजे छापखान्यातल्या जाळ्यावरून, त्याच्याकडे जागा मागतात. लॉकात जितक्या जागा भरलेल्या तितके जण एकाच वेळी. दोन जागांच्या नेटवर्क लॉकाचं कोटेशन मागवलं. जुनं लॉक परत दिलं तर फरकाची रक्कमच भरायची, असं विक्रेत्याने लेखी कळवलं. साहेबांनी आकडा बघून दोन दिवस मागितले.

१६ जुलै, बुधवार

ते दोन दिवस व्हायच्या आतच कुणीतरी साहेबांना सांगितलं की लॉकाची नक्कल करून मिळते. एक फाइल चालवायची, संगणकाला वाटतं लॉक लावलंय. खर्च काहीच नाही. साहेबांनी मला खाली बोलावून घेतलं आणि विचारलं, "आपण एक लॉक तर पैसे देऊन घेतलंय ना? मग त्याचीच नक्कल वापरली तर बिघडलं कुठे?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. मी कायदा काढून समोर ठेवला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सॉफ्टवेअर रीतसर बाळगणाऱ्याला सूट आहे. ज्या कामासाठी ते घेतलं त्यासाठी लागणारी प्रत, आणि हरवलं-बिघडलं तर तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप, एवढं करता येतं. दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या माणसाने त्याच वेळी काम करायचं हे त्यात बसत नाही. आपण एका जागेचे पैसे दिलेत. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं : हक्क डावलण्याच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि ६३ब त्याआधीपासून आहेच : बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.

कायद्यापलीकडचं मला जे वाटतं तेही बोलले. आपण औषध कंपन्यांची खोकी छापतो. त्यांची माणसं ऑडिटला येतात, कुठल्या संगणकावर कुठली फाइल, कोण उघडतं, सगळं विचारतात. त्या यंत्रावर कुठून तरी आणलेली, अँटिव्हायरस बंद करून बसवावी लागणारी फाइल चालवायची? ती विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसते. तिने उद्या काय केलं ते कळणारही नाही. आणि आपण स्वतः काय विकतो? छपाई. आपल्या प्लेटवरून कुणी रात्री हजार कागद जास्त काढले तर आपल्याला चालेल का?

साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कोटेशनवर सही करतो." मला मनापासून बरं वाटलं. दरवाजातून वळून त्यांनी एवढंच विचारलं की दोनऐवजी तीन जागा घेतल्या तर किती फरक पडेल. तूर्त दोनच पुरे, असं मी सांगितलं. जागा नंतर वाढवता येते. लॉकाची स्थिती एका फाइलीत उतरवून विक्रेत्याला पाठवायची, ते उलट फाइल पाठवतात, ती चालवली की त्याच लॉकात जागा वाढते. लॉक कुरिअरने फिरवावं लागत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आठवडी सुट्टी, मशीनं बंद. रिपचं यंत्र आजच हाताळता येणार होतं. प्लेटवाला दादा मुद्दाम आला.

रिप पानाच्या पीडीएफचे ठिपके करतं आणि सीटीपी यंत्राकडे पाठवतं, तिथे लेझरने प्लेटवर पान उमटतं. हे अडलं तर खालची सगळी छपाई अडते. म्हणून मूळ डिस्कला हात लावला नाही. तिची नक्कल नव्या एसएसडीवर घेतली, जुनी डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि नक्कलेवर विंडोज ११ चढवलं.

चढलं व्यवस्थित, पण रिप उघडेना : लॉक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉकापुढे पिवळा त्रिकोण. कारण शोधायला वेळ लागला नाही. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशन म्हणून जागा आहे, तिथे मेमरी इंटिग्रिटी चालू होती. जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर ती आत येऊ देत नाही, आणि या लॉकाचा ड्रायव्हर कित्येक वर्षांपूर्वीचा. ते संरक्षण बंद केलं तर लॉक लगेच चालेल, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. नव्या विंडोजवर जायचं ते सुरक्षेसाठी आणि गेल्या गेल्या दार उघडं ठेवायचं, याला अर्थ नाही. जुना ड्रायव्हर पूर्ण काढला, लॉक बनवणाऱ्याच्या साइटवरून आत्ताचं रनटाइम, म्हणजे ड्रायव्हरसकट लॉक चालवणारं सॉफ्टवेअर, आणून बसवलं, यंत्र बंद करून चालू केलं. मेमरी इंटिग्रिटी चालू राहूनही लॉक सापडलं. जुना काढताना लॉक पोर्टात ठेवायचं नाही, हे इथे लिहून ठेवते. नवा बसल्यावरच लावायचं.

दादाने कंट्रोल पट्टीची एक प्लेट काढली, जुन्या प्लेटशेजारी धरून भिंगातून ठिपके ताडून बघितले. पन्नास टक्क्यांचा चौकोन दोन्हींवर सारखा. "चालेल," एवढंच बोलून तो प्लेट धुवायला गेला. त्याचं चालेल म्हणजे चालेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

नेटवर्क लॉक आलं. लाल रंगाचं. आमच्या खोक्यांच्या सॉफ्टवेअरचं लॉक हॅस्प घराण्यातलं आहे. ड्रायव्हरच्या फोल्डरांत वेगवेगळी नावं दिसली म्हणून मुलगा गोंधळला होता : कुठे अलादिन, कुठे सेफनेट, कुठे थेल्स. सगळं एकच आहे. अलादिन ही इस्रायलची कंपनी १९८५ सालची. पुढे ती सेफनेटमध्ये गेली, सेफनेट जेमाल्टोकडे, आणि २०१९ मध्ये जेमाल्टो फ्रान्सच्या थेल्सकडे. मालक बदलत गेले, जुन्या फोल्डरांची नावं राहिली. जुना ड्रायव्हर शोधताना हे माहीत असलेलं बरं.

लॉक लावायला ऑफिसातलं कायम चालू असणारं यंत्र निवडलं, त्याला यूपीएस आहे. त्याचा आयपी पत्ता कायमचा बांधून दिला. लायसन्स मॅनेजर पोर्ट १९४७ वर बोलतो. हा आकडा लिहून ठेवायची आपल्याला गरज नाही. त्याच यंत्रावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि १९४७ टाकलं की लॉक, जागा आणि कोण बसलंय ते सगळं पानावर दिसतं.

ऑफिसात दिसलं, वरच्या मजल्यावर मात्र दिसेना. संगणक लॉक शोधताना लॅनवर हाक मारतो, पण ती हाक आपल्या नेटवर्कच्या कुंपणाबाहेर जात नाही. वरच्या मजल्याला मागे कधीतरी वेगळा राउटर बसवला होता आणि तो स्वतःचे वेगळे पत्ते वाटत होता. दोन उपाय होते. एक, दोन्ही वरच्या यंत्रांवर लॉकवाल्या यंत्राचा पत्ता हाताने लिहून देणं. दुसरा, वरच्या राउटरला नुसता स्विच करून सगळ्यांना एकाच जाळ्यात आणणं. दुसरा केला, कारण प्रिंटर सापडत नाही ही वरची जुनी तक्रारही त्यामुळेच होती. फायरवॉलमध्ये १९४७ फक्त आपल्या लॅनपुरता उघडला.

तो फक्त लॅनपुरताच, यावर माझा जोर आहे. २०१८ च्या सुरुवातीला कॅस्परस्कीच्या संशोधकांनी याच लायसन्स मॅनेजरमध्ये चौदा कच्चे दुवे सापडल्याचं जाहीर केलं होतं. लॉक लावल्यावर ड्रायव्हर बसतो, पोर्ट उघडतो आणि लॉक काढल्यावरही उघडाच राहतो, हे त्यात होतं. दुरुस्त्या आल्या आहेत, पण त्या आपण बसवल्या तर. म्हणून नऊच्या नऊ यंत्रांवर रनटाइमची आवृत्ती बघितली. एका डीटीपी यंत्रावर असं रनटाइम निघालं ज्याचं सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलेलं होतं. ते काढलं.

संध्याकाळी दोघांनी एकाच वेळी सॉफ्टवेअर उघडलं. मी तिसऱ्या यंत्रावरून प्रयत्न केला, जागा शिल्लक नाही म्हणून नकार आला. हवं होतं तसंच. मग एक यंत्र मुद्दाम वीज काढून बंद केलं. त्याची जागा पानावर अडकलेलीच राहिली. ती तिथूनच मोकळी करता येते, ते दोघांनाही दाखवून ठेवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आता एक्सपीचं यंत्र. सगळ्या प्रकल्पात माझा जीव इथे आहे.

या यंत्रावर जुने दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, दोन-तीन जिल्हा नियतकालिकं यांची मूळ पानं आहेत. सगळी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी पॅकेजच्या फाँटात. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती, तिला युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरांची सांकेतिक रचना, समजत नाही. त्या काळी प्रत्येक पॅकेजची सांकेतिक रचना स्वतःची असायची. पडद्यावर मराठी दिसतं, फाइलीत मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मांडलेले तुकडे असतात : अर्धा स, काना, वेलांटी. फाँट काढून घेतला की उरतात चिन्हं. आणि फाँट, टायपिंग, कन्व्हर्टर सगळं चालतं एक नंबरच्या लॉकावर.

म्हणजे लॉकाच्या मागे सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्याही मागे लेखकांचा मजकूर अडकला आहे. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं, ते कुलूपबंद असणं मला मान्य आहे. मजकूर आमच्या गिऱ्हाइकांचा आहे, त्यांच्या लेखकांचा आहे. तो या राखाडी ठोकळ्याच्या आयुष्यावर टांगता ठेवणं मला मान्य नाही.

नव्या यंत्रावर हे लॉक नेता येईल का ते तपासलं. नव्या मदरबोर्डांना ते पोर्टच नाही. यूएसबी ते पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यातून दिसत नाही. वेगळं कार्ड बसवलं तर पोर्टाचा पत्ता बदलतो, आणि जुना ड्रायव्हर ३७८ या ठरलेल्या पत्त्यावरच लॉक शोधतो. शिवाय तो ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यात ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. तेव्हा निर्णय असा : यंत्र आहे तसंच ठेवायचं, त्याची लॅनची वायर काढायची, इंटरनेट बंद, आणि लॉक जिवंत आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यायचा. पॅकेजमध्येच रूपांतराची सोय आहे, तिचं लायसन्स आपलं आहे. कुणाला विचारायला नको.

काकांनी एका जुन्या दिवाळी अंकातली कथा काढून दिली. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढला, कन्व्हर्टरमधून घातला, नव्या यंत्रावर उघडला. पहिल्याच परिच्छेदात 'दऱ्याखोऱ्यांतून'चं 'दर्याखोर्यांतून' झालेलं. पुढे 'स्थिती'च्या जागी 'सि्थती'. दोन्हींची कारणं स्पष्ट आहेत. जुन्या फाँटात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची. कन्व्हर्टर तिला एकच अक्षर ओलांडून पुढे नेतो, जोडाक्षर असलं की मध्येच सोडतो. आणि दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या यांतल्या र चं ते आडवं रूप त्याला ओळखूच येत नाही, तो रफार करून मोकळा होतो.

वेलांटीची चूक नियमाने सुधारता येते. हलन्तानंतर व्यंजन असेल तर वेलांटी त्याच्याही पलीकडे. हे शोधा-बदला करून बसवलं, जवळजवळ सगळं सुधारलं. ऱ्य चं तसं होत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र हाही शब्द आहे आणि 'दऱ्या' हाही. कथा कोकणातली असेल तर दोन्ही एकाच पानावर भेटतील. तिथे वाचणारा माणूसच हवा. काका म्हणाले, "मी बसतो. निम्मं मॅटर माझ्याच हाताने टाइप झालंय."

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायलाच तयार नाही, मुंबई-ठाण्याला रेड अलर्ट. खाली पाणी शिरायच्या भीतीने कागदाचे रीम फळ्यांवर चढवले. माणसं जेमतेम.

वीज येत-जात होती. तिसऱ्या खेपेला आली तेव्हा तीन नंबरचं लॉक गेलं. दिवा लागत नाही, कुठल्याच यंत्रावर ओळखलं जात नाही. विक्रेत्याला कळवलं. त्यांचं धोरण असं : बिघडलेलं लॉक परत दिलं तर थोडक्या पैशांत बदलून मिळतं. हरवलं, चोरीला गेलं तर पुन्हा पूर्ण किंमत. म्हणजे मेलेलं लॉकही जपून ठेवायचं, कचऱ्यात टाकायचं नाही. नावबदलाचे कागद मागच्याच आठवड्यात देऊन झाले होते म्हणून आज प्रश्न आला नाही.

यावरून विम्याची आठवण झाली. मामांना पॉलिसी काढायला लावली. संगणकांची यादी आहे, लॉकांचा उल्लेख नाही. कुणी दाव्यात लिहिलं तर ते प्लास्टिकच्या किमतीने धरलं जाईल. प्रत्येक लॉक त्यामागच्या सॉफ्टवेअरच्या किमतीला वेगळं दाखवून पॉलिसीत घालायला एजंटला सांगितलं. पुरवणी येईपर्यंत मामांच्या मागे लागायचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

गणपतीच्या सुट्ट्या लागायच्या आत ऑफिस संपवलं. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं लायसन्स सिल्व्हर, म्हणजे एका वापरकर्त्याचं. मामा आणि त्यांची मदतनीस दोघांना एकदम लागतं म्हणून गोल्ड घेतलं, ते लॅनवर अनेकांना चालतं. जुन्या यंत्रावर सरेंडर, नव्यावर ॲक्टिव्हेट. क्रम चुकवायचा नाही, यंत्र पुसण्याआधी सरेंडर. बाकी काही नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डीटीपीचे चार. दोन यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसली. उरलेल्या दोनांत इंटेलचे प्रोसेसर सातव्या पिढीचे, त्यामुळे टीपीएम ही सुरक्षेची चिप असूनही नकार. पैसे भरून विंडोज १० चे अपडेट चालू ठेवायचा मार्ग आहे. व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हिशेब मांडल्यावर साहेबांनी दोन नवी यंत्रं घेतली.

पानं लावायच्या इनडिझाइनचं लायसन्स माणसाच्या नावाचं असतं. दोन संगणकांवर साइन इन करता येतं, पण एका वेळी एकावरच काम करायचं. आमच्याकडे एका लॉगिनवर दोन पाळ्यांतली दोन माणसं बसत होती. सीट वाढवली, प्रत्येकाला आपलं लॉगिन दिलं.

मराठी पॅकेजची नवी आवृत्ती विंडोज ११ वर चालते, पण लॉकागणिक पैसे. तीनही वाढवायची का, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. माझं म्हणणं असं होतं की नवं मॅटर आता युनिकोडमध्येच टाइप व्हावं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आहेच, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं तुटत नाहीत. मजकुरासाठी मुक्ता फाँट आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. कितीही संगणकांवर टाका, लॉक नाही. काकांचं म्हणणं असं की लग्नपत्रिकेचं आणि मुखपृष्ठाचं वळण पॅकेजच्या फाँटांतच आहे, गिऱ्हाईक बोट ठेवून तेच मागतं. काकांचं खरं आहे. ती अक्षरं कुणीतरी जीव ओतून काढलेली आहेत, त्यांचे पैसे द्यायलाच हवेत. दोन लॉकं वाढवली. तिसरं, बदलून आलेलं, जुन्या आवृत्तीवरच ठेवून एक्सपीच्या कामाला जोड म्हणून बाजूला ठेवलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आज लायसन्सांची वही पूर्ण केली. एका पानावर एक लायसन्स : कुणाच्या नावावर, बिल नंबर, किती जागा, कुठल्या यंत्रावर, लॉकाचा नंबर आणि फोटो, विक्रेत्याचं धोरण, शेवटचा ड्रायव्हर कुठे ठेवलाय. लॉक ही नुसती किल्ली, वही हा सातबारा. वहीची एक प्रत साहेबांच्या घरी, एक मामांच्या कपाटात.

मग लॉकवालं ऑफिसचं यंत्र भर दुपारी बंद करून बघितलं. खोक्यांची दोन्ही टेबलं काही मिनिटांत थांबली, फायली जशाच्या तशा राहिल्या. लाल लॉक काढून शेजारच्या यंत्राला लावलं. वरच्यांनी पुन्हा प्रयत्न करा दाबलं आणि काम सुरू झालं. लॉक त्या पर्यायी यंत्रावर आपोआप सापडतं, कारण आता सगळे एकाच जाळ्यात आहेत. हे कसं करायचं ते दोघा मुलांनी माझ्यासमोर एकेकदा केलं. मी रजेवर असले तरी अडू नये.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचं डीटीपी यंत्र विंडोज ११ वर गेलं. आठ संगणक नव्या व्यवस्थेत, एक्सपीचा एक वायर काढून कोपऱ्यात. विमा पुरवणी आली, पाचही चालू लॉकं आणि जुनं राखाडी त्यात आहेत.

काकांचे आठ दिवाळी अंक तपासून झाले आहेत. त्यातल्या एका नियतकालिकाच्या संपादकांना त्यांच्या अंकांचा युनिकोड मजकूर आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर दिला. त्यांनी जुन्या वर्षांचेही मागितले आहेत, त्यातल्या काही फायली पेजमेकरच्या आणखी जुन्या आवृत्तीतल्या. दिवाळी झाली की त्या घ्यायच्या. दिवाळीपर्यंत काका रोज जेवणानंतर अर्धा तास बसणार आहेत.